नटाची साक्ष

"संस्कृत नाटकें आतां कोठें होत नाहींत, तीं वाचावयाचीं असतात." हें वाक्य आम्हीं वर्गांत किती वेळां उच्चारिलें असेल याची मोजदाद आतां आम्हांसहि करवत नाहीं. महाविद्यालयांत संस्कृत शिकविण्यांत आमचीं जवळजवळ तीस वर्षें गेलीं. त्या अवधींत भासाचें 'स्वप्नवासवदत्त' अनेकदां नेमलें गेलें, आणि प्रत्येक वेळीं आम्हीं तें समास सोडवून, अलंकार ओळखून, टीपा सांगून यथास्थित पुरें केलें. एकदां एका विद्यार्थिनीनें विचारिलें, "सर, हें रंगभूमीवर दिसत कसें असेल ?" आम्हीं तिला वरचेंच उत्तर दिलें आणि पुढचा श्लोक घेतला. ज्या दिवशीं आम्हीं हें उत्तर दिलें, त्या दिवशीं केरळांत भासाच्या नाटकांचे अंक गुरुमुखानें शिकलेलीं आणि समईपुढें उभें राहून करणारीं माणसें हयात होतीं. आमचा अपराध लहान नव्हे. परंतु तो आमच्या एकट्याचाहि नव्हे. आणि म्हणूनच त्याची चर्चा चारचौघांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या नाट्यप्रकाराविषयीं आम्ही बोलत आहों त्याचें नांव कूडियाट्टम्. 'एकत्र मिळून केलेला खेळ' असा या मल्याळी शब्दाचा साधारण अर्थ. परंपरेनें पुरुषांच्या भूमिका चाक्यार कुळांतील पुरुषांकडे, स्त्रियांच्या भूमिका नंग्यार म्हणजे नंब्यार कुळांतील स्त्रियांकडे, आणि 'मिळावु' नांवाचें मोठें घटाकार चर्मवाद्य नंब्यारांकडे. त्या वाद्यास ब्रह्मचारी समजून त्याचे संस्कारहि करण्याची चाल आहे. प्रयोगाचें मूळ स्थान म्हणजे देवळाच्या आवारांतलें 'कूत्तंबलम्' हें खास नाट्यगृह. त्रिचूरच्या वडक्कुन्नाथाच्या देवळांतलें आणि इरिंजालकुड्याच्या कूडलमाणिक्यम् देवळांतलें कूत्तंबलम् प्रसिद्धच आहे. तेथें सबंध नाटक सहसा होत नाहीं. होतो तो एक अंक, आणि त्या एका अंकास कित्येक रात्री लागतात. पात्र प्रथम प्रवेश करितें. नंतर त्या पात्राचा सारा पूर्ववृत्तांत एकटा नट हातांच्या मुद्रांनीं आणि नेत्रांनीं सांगतो. आणि मगच सर्व पात्रें मिळून अंकाचा खेळ होतो. पूर्ववृत्तांताच्या या भागास 'निर्वहण' म्हणतात. नाट्यशास्त्र वाचलेला मनुष्य येथें अडखळतो. कारण भरताच्या ग्रंथांत निर्वहण हा नाटकाचा शेवटला संधि, आणि येथें त्याच शब्दानें कथेच्या आधींचें सांगणें दर्शविलें जातें. एकच शब्द पोथींत एक अर्थ घेऊन बसला आहे आणि रंगभूमीवर दुसरा अर्थ घेऊन वावरत आहे. आमच्या वादाचें सार या एका शब्दांत आलें आहे असें म्हटलें तरी चालेल.

आतां वाद कोणाशीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तीन पक्षांशीं आमचें भांडण आहे.

पहिला पक्ष आमच्याच व्यवसायबंधूंचा. प्रत्यक्ष जागीं जाऊन, माणसांत राहून, त्यांचें पाहून, ऐकून आणि विचारून केलेल्या अभ्यासास हल्लीं 'फील्डवर्क' म्हणतात. आम्ही त्यास क्षेत्राभ्यास म्हणूं. हा क्षेत्राभ्यास मानववंशशास्त्राच्या लोकांचें काम, संस्कृत पंडिताचें नव्हे, असें या पक्षाचें मत आहे. पंडितानें पाठभेद पाहावे, कालनिर्णय करावा, रसचर्चा करावी; नगारे वाजविणाऱ्यांच्या घरीं जाऊन बसणें हें त्याच्या विद्येस शोभत नाहीं. असें कोणी उघड म्हणत नाहीं. परंतु प्रबंधाचा विषय घेऊन विद्यार्थी आला म्हणजे त्यास काय सांगितलें जातें तें आम्हीं पुष्कळ वेळां ऐकिलें आहे, आणि पूर्वीं आम्हीं स्वतःहि तेंच सांगितलें आहे.

या मताची परीक्षा करण्यास भासाचाच वाद घेऊं. गणपतिशास्त्री यांनीं १९१२ पासून त्रिवेंद्रमहून तेरा नाटकें प्रसिद्ध केलीं आणं तीं भासाचीं म्हणून सांगितलीं. त्यानंतर कित्येक वर्षें हा प्रश्न गाजत राहिला. पुण्याचा त्यांतील भाग लहान नव्हता. देवधरांनीं १९३७ सालीं तीं तेराहि नाटकें एकत्र छापलीं तीं 'भासाचीं म्हणून सांगितलेलीं' अशा सावध शब्दांनीं, यावरून वादाची कडाक्याची कल्पना येईल. या वादांत एक मुद्दा वारंवार येई. या नाटकांत नांदी संपल्याची सूचना अगदीं आरंभींच येते आणि सूत्रधार त्यानंतर प्रवेश करितो; प्रस्तावनेस 'स्थापना' म्हटलें आहे आणि तींत कवीचें नांवहि नाहीं. हें भासाच्या हाताचें चिन्ह, असें एका बाजूचें म्हणणें. दुसऱ्या बाजूनें दाखवून दिलें कीं महेंद्रवर्म्याच्या 'मत्तविलासा'सारख्या दुसऱ्या कवींच्या नाटकांतहि हाच प्रकार दक्षिणेकडील पोथ्यांत आढळतो. तेव्हां हें चिन्ह कवीचें नसून त्या प्रांताच्या रंगभूमीचें असावें. कांहीं विद्वानांनीं तर हीं नाटकें चाक्यारांनीं प्रयोगासाठीं बेतून घेतलेलीं आहेत, येथवर मजल नेली.

या वादाचा निकाल काय लागावा हा आजचा प्रश्न नव्हे. आम्हांस विचारावयाचें तें इतकेंच कीं, वादाचें एक टोक ज्या चाक्यारांच्या दारापर्यंत जाऊन पोंचलें होतें, त्या चाक्यारांची साक्ष त्यांत कितीशी घेतली गेली ? प्रतिवादी म्हणून त्यांचें नांव घेतलें गेलें. पण त्यांच्या घरांतील आट्टप्रकार आणि क्रमदीपिका, म्हणजे श्लोकाश्लोकाचा अभिनय आणि प्रयोगाची व्यवस्था सांगणाऱ्या पोथ्या, त्यांचा आधार आमच्याकडील चर्चेंत क्वचितच दिसला. न्यायमंदिरांत एखादा वकील असा वागता तर न्यायाधीशानें त्यास बाहेर काढलें असतें. आम्हां पंडितांस मात्र त्यावर पदव्या मिळाल्या.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळण्याची आमची इच्छा नाहीं. आक्षेप असा कीं, चाक्यार जें करितो तें कवीच्या मनांत होतेंच याला पुरावा काय ? 'अभिषेक' नाटकाचा तिसरा अंक तेथें 'तोरणयुद्ध' या नांवानें होतो. त्यांत रावणानें पूर्वीं कैलास पर्वत कसा उचलला तें नट एकटा दाखवितो. प्रथम तो पर्वताकडे पाहतो. पायथ्यापासून शिखरापर्यंत आणि एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत त्याची दृष्टि इतकी सावकाश फिरते कीं, कांहीं वेळानें नट दिसेनासा होऊन पर्वतच दिसूं लागतो. छापील नाटकांत हा विस्तार नाहीं. मग हें भासाचें कीं चाक्यारांचें ?

आमचें उत्तर : चाक्यारांचें. आणि तें चाक्यारांचें आहे म्हणूनच तें अभ्यासण्यासारखें आहे. हा आक्षेप नवा नाहीं, हें आमच्या मित्रांस बहुधा ठाऊक नसावें. केरळांतच सुमारें पंधराव्या शतकांत 'नटाङ्कुश' नांवाचा एक संस्कृत ग्रंथ झाला. नांवच बोलकें आहे. मदोन्मत्त नटास अंकुश. ग्रंथकर्त्याचें नांव उपलब्ध नाहीं, पण त्याचा राग अजून ताजा आहे. नट कथानक सोडून भलतीकडे जातो, श्लोकाच्या अर्थाबाहेरचें दाखवितो, भरतास हें संमत नाहीं, अशी त्याची तक्रार. या ग्रंथावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, कूडियाट्टम् हें त्या काळींहि शास्त्राचें निव्वळ भाषांतर नव्हतें. तें आपल्या वाटेनें चालणारें स्वतंत्र नाट्य होतें. दुसरी, त्या तक्रारखोर पंडितानें निदान प्रयोग पाहिला होता. आमच्यांत आणि त्याच्यांत हा फरक आहे, आणि तो आमच्या बाजूचा नाहीं. ज्याला नटाचें खंडन करावयाचें असेल त्यानेंहि नटापुढें जाऊन बसावें लागतें, एवढा धडा तरी त्याजपासून घ्यावा.

दुसरा पक्ष पहिल्याच्या अगदीं उलट, आणि आमच्या मतें अधिक घातक. हा पक्ष कूडियाट्टमची अतोनात स्तुति करितो. "दोन हजार वर्षांची अखंड परंपरा" हा त्याचा मंत्र. २००१ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशाच्या उत्कृष्ट नमुन्यांची जी पहिली घोषणा केली, तींत कूडियाट्टमचें नांव होतें. २००८ सालीं तें प्रातिनिधिक यादींत दाखल झालें. हा मान योग्यच होता. परंतु तेव्हांपासून हा दोन हजारांचा आंकडा प्रत्येक पत्रकांत, प्रत्येक भाषणांत, आणि दुःखाची गोष्ट ही कीं, प्रत्येक दुसऱ्या प्रबंधांत ठाण मांडून बसला आहे. तो आला कोठून ? भासाचा काळच वादग्रस्त. ज्या कुलशेखर राजानें 'सुभद्राधनंजय' आणि 'तपतीसंवरण' हीं नाटकें लिहिलीं आणि ज्याच्याकडे परंपरा रंगभूमीच्या सुधारणेचें श्रेय देते, त्याच्या काळाविषयींहि नवव्या शतकापासून बाराव्यापर्यंत मतें पसरलेलीं आहेत. नाटकाची संहिता जुनी असली म्हणजे तिचा प्रयोगहि तितकाच जुना, हें अनुमान तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गांतहि उत्तीर्ण व्हावयाचें नाहीं.

कोणी म्हणेल, आंकडा थोडा फुगला तर बिघडलें काय ? कलेस मान मिळतो, अनुदान मिळतें. बिघडतें तें हें : परंपरा अखंड आणि अचल ठरविली कीं, ती ज्यांनीं बदलली, आणि बदलूनच जगविली, त्या माणसांची गोष्ट सांगण्यास जागा उरत नाहीं. १९४९ च्या सुमारास चाक्यारांच्या कलेनें देवळाबाहेर पाऊल टाकिलें. पैंकुळम् राम चाक्यार आणि माणि माधव चाक्यार यांचीं नांवें या संबंधांत घेतलीं जातात; पहिला मान कोणाचा हा वाद आपण सोडून देऊं. त्या पावलास स्वजातीचा केवढा विरोध झाला असेल याची कल्पना ज्यांनीं आपल्याकडील सुधारकांचीं चरित्रें वाचलीं आहेत त्यांस सहज येईल. १९६२ सालीं डॉ. राघवन् यांच्या पुढाकारानें माणि माधव चाक्यारांचा प्रयोग मद्रासेस झाला. १९६५ सालीं वल्लत्तोळ यांनीं स्थापिलेल्या केरळ कलामंडलांत कूडियाट्टमचें शिक्षण सुरू झालें, राम चाक्यार तेथें गुरु झाले, आणि जन्मानें चाक्यार नसलेल्या मुलांस त्यांनीं ही विद्या दिली. पुढें नंग्यार कुळाबाहेरच्या मुलीहि शिकूं लागल्या. नंग्यार-कूत्तु हें जें एकट्या स्त्रीनें करावयाचें नाट्य, 'सुभद्राधनंजया'तील एका चेटीच्या निर्वहणांतून वाढलेलें आणि कृष्णचरित्र सांगणारें, तें पूर्वीं कांहीं देवळांत केवळ विधि म्हणून उरलें होतें; मार्गी सती, उषा नंग्यार यांसारख्या स्त्रियांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यास पुन्हां रंगभूमीवर उभें केलें. हा सारा इतिहास अवघा पाऊणशे वर्षांचा आहे. तो सांगणारीं माणसें कांहीं कालपर्यंत होतीं, कांहीं आजहि आहेत. दोन हजार वर्षांच्या धुक्यांत शिरलेल्या संशोधकास हीं पाऊणशे वर्षें दिसत नाहींत. दगडाचें देऊळ दोन हजार वर्षें उभें राहील. नाट्य राहत नाहीं. तें दर पिढीस कोणीतरी पुन्हां उभें करावें लागतें, आणि कोणी केलें तें लिहून ठेवणें हेंच क्षेत्राभ्यासाचें पहिलें कर्तव्य.

त्याच कर्तव्याचा एक अप्रिय भाग पैशाचा आहे. चाक्यार-नंब्यारांचा चरितार्थ देवळाच्या आश्रयावर चाले, आणि देवळाचें उत्पन्न जमिनीवर. केरळांत जमीनसुधारणेचा कायदा १ जानेवारी १९७० पासून खऱ्या अर्थानें अमलांत आला आणि देवळांच्या हातून जमिनी गेल्या. कसणाऱ्यास जमीन मिळाली हें न्याय्यच झालें. परंतु त्या न्यायाची किंमत ज्या घरांनीं भरली त्यांत हीं नाट्यघराणींहि होतीं. नटास देवळांतून मिळणारा तांदूळ आटला तेव्हां त्याच्या मुलानें कचेरींत नोकरी धरली कीं मिळावु धरला, हा प्रश्न रसचर्चेहून कमी महत्त्वाचा नाहीं. रसाबरोबर तांदुळाचाहि हिशेब जो लिहीत नाहीं, त्याचें रसाचें वर्णनहि आम्हांस अर्धें वाटतें.

तिसरा पक्ष प्रत्यक्ष जागीं जाणाऱ्यांचाच. यांत देशी आहेत, परदेशी आहेत. यांच्यांतील उत्तम संशोधकांनीं, विशेषतः ज्या परदेशीय स्त्री-पुरुषांनीं वर्षानुवर्षें राहून मल्याळम् आत्मसात् केली आणि कांहींनीं गुरूपाशीं बसून स्वतः ही विद्या घेतली त्यांनीं, आम्हां संस्कृतज्ञांस लाजविलें आहे, हें आम्ही प्रथमच कबूल करितों. आमचा रोख त्यांच्यावर नाहीं. आठ दिवस येऊन, चित्रफीत घेऊन, दुभाष्याच्या तोंडून चार प्रश्न विचारून जो निघून जातो आणि मग ज्याच्या पुस्तकांत गुरूचें नांव जाऊन केवळ 'माहिती देणारा एक नट' उरतो, त्याच्यावर आहे. ज्यानें श्लोकाच्या एका पदास तीन अर्थ कसे द्यावयाचे तें बारा वर्षें घासून मिळविलें, तो 'माहिती देणारा' आणि ज्यानें तें दुपारच्या वेळांत टिपून घेतलें तो 'विद्वान', ही वांटणी आम्हांस मान्य नाहीं.

संशोधक ज्याचा अभ्यास करावयास जातो तें त्याच्या जाण्यानेंच बदलतें, हें त्यानें लपवूं नये. केरळांतच पांञाळ गांवीं १९७५ सालीं बारा दिवसांचें अतिरात्र अग्निचयन झालें. तें संशोधकांच्या पुढाकारानें आणि पुष्कळसें परदेशांतून जमविलेल्या पैशानें झालें, त्याचें चित्रण झालें. बोकडांच्या बळीवर वाद माजला आणि अखेर त्यांच्या जागीं पिठाचे पिंड आले. यांत कोणी पाप केलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो यज्ञ तीन हजार वर्षांपूर्वींचा नव्हे, १९७५ चाच. त्याचप्रमाणें परदेशच्या प्रेक्षकांसाठीं दीड तासांत बसविलेलें कूडियाट्टम् हेंहि खरें कूडियाट्टम्च आहे. मात्र तें रात्रीमागून रात्र चालणाऱ्या कूडियाट्टमचें सार नव्हे, निराळी वस्तु आहे. शिवाय केरळांतील पुष्कळ देवळांत अहिंदूंस आजहि प्रवेश नाहीं. त्यामुळें कित्येकांचीं वर्णनें देवळाबाहेरच्या रंगमंचावरून झालेलीं आहेत. आपण कोठें बसून पाहिलें, कोणासाठीं केलेला प्रयोग पाहिला, कोणास आंत घेतलें नव्हतें, हें लिहिल्यावांचून लिहिलेलें सारें वर्णन संशयास्पद होय. आणि हें बंधन पाळणाऱ्या हिंदु संशोधकानेंहि, आपणांस दार उघडें होतें म्हणून दारच नव्हतें असें समजूं नये.

मग क्षेत्राभ्यास करावा तरी कसा ? आमच्या मागण्या मोजक्या आहेत. संस्कृताच्या जोडीस मल्याळम् शिकावें. कारण आट्टप्रकार त्या भाषेंत आहेत, आणि विदूषक संस्कृत-प्राकृताबरोबर त्याच भाषेंत बोलतो. ज्याला मल्याळम् येत नाहीं त्याला कूडियाट्टममधील अर्धा विनोद आणि जवळजवळ सारी राजकीय टोचणी ऐकूंच येत नाहीं. गुरूचें नांव ग्रंथाच्या ऋणनिर्देशांत नव्हे तर मजकुरांत, त्याच्या मतासह, यावें. दोन घराण्यांचे दोन गुरु एकाच श्लोकाचा अभिनय निराळा सांगतील तेथें संशोधकानें न्यायाधीश होऊं नये, दोन्ही लिहावे. घरांतली पोथी पाहावयास नेली तर ती परत पोंचवावी, आणि तींतून जें छापलें तें त्या घराला प्रथम वाचून दाखवावें. शेवटचें, आपलें अनुमान चुकीचें ठरवण्याचा अधिकार नटास आहे हें मनापासून मानावें. तो अधिकार ज्याला देववत नाहीं त्यानें पोथीखान्यांतच बसावें. तेथें कोणी उलट बोलत नाहीं.

महाराष्ट्रास याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' मराठींत उभें केलें तेव्हांपासून संस्कृत नाटक ही आमची घरची वस्तु आहे असें आपण समजत आलों. घरच्या वस्तूचा अभिमान बाळगावयाचा आणि ती जेथें निराळ्या रीतीनें जिवंत आहे तिकडे पाठ फिरवावयाची, हें विद्येचें लक्षण नव्हे. आमच्या विद्यापीठांतून संस्कृताची पदवी घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास नाटकाचा एक तरी अंक प्रयोगरूपानें पाहावा लागावा, आणि एखाद्या तरी आट्टप्रकाराचें मूळ मल्याळीवरून मराठींत भाषांतर करण्याचें काम एखाद्या विद्यार्थ्यास प्रबंध म्हणून द्यावें. यास फार पैसा लागत नाहीं. लागतो तो थोडा कमीपणा घेण्याची तयारी.

ती तयारी आम्हींहि उशिरांच केली. केरळांत पहिल्या प्रयोगास बसलों तेव्हां दुसऱ्या घटकेस आम्हांस डुलकी आली, हें सांगावयास आम्हांस लाज वाटत नाहीं. श्लोक पाठ असून नट कोठें आहे तें कळेना. शेजारीं बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं हातानेंच खूण करून सांगितलें कीं अजून तो दुसऱ्याच शब्दावर आहे. जो श्लोक आम्हीं वर्गांत चार मिनिटांत 'पुरा' करीत असूं, त्याचा दुसरा शब्द अजून संपला नव्हता.

त्या विद्यार्थिनीस पुन्हां भेटण्याचा योग आला नाहीं. आतां वर्गांत तोच प्रश्न निघाला म्हणजे आम्ही तिच्या नांवाचें ऋण मनांत ठेवून उत्तर देतों, आणि जुनें उत्तर खोटें होतें हेंहि सांगतों. आमचें हें सारें म्हणणें अतिशयोक्तीचें आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं याच मासिकांतून आमचा खुशाल समाचार घ्यावा. मात्र लेखणी उचलण्यापूर्वीं त्यांनीं एक रात्र त्या समईपुढें बसून यावें, एवढी आमची अट आहे.